फाउंड्रीतल्या रिजेक्शनचा प्रोजेक्ट गळ्यात पडलाय: हद्द कुठं आखायची, कुणाला काय काम द्यायचं?

वाळूवाला

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका ग्रे आयर्न फाउंड्रीत (बिडाच्या ओतशाळेत) क्वालिटीला आहे. मुख्य माल म्हणजे हायड्रॉलिक पंपाच्या बॉड्या आणि कव्हरं, शिवाय किरकोळ कामं. ग्रीन सँड (ओल्या वाळूचे साचे), दोन मोल्डिंग लाइनी, इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी). मोल्डिंग म्हणजे साचे करणं ठेक्यावर, बॉक्समागे (साच्याच्या पेटीमागे) दर.

परवा मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "रिजेक्शन फार वाढलंय. मशीनशॉपकडून डेबिट नोटा (नुकसानवसुलीची बिलं) यायला लागल्यात. तू एक प्रोजेक्ट हातात घे, टीम कर, ते सिक्स सिग्मा का काय असतं ते कर. दिवाळीपर्यंत निम्म्यावर आलं पाहिजे." एवढं बोलून त्यांनी फोन उचलला. माझा चहा अजून यायचा होता.

कॉलेजात शिकलेलं आठवून एक चार्टर (प्रोजेक्टचा करारनामा) लिहिलाय. आकडे इथं टाकत नाही, हा धागा आमच्यातलं कोण कोण वाचतं ठाऊक नाही. बाकी असं आहे:

नाव: सँडमधलं मॉइश्चर (ओल) कंट्रोल करून ब्लो होलचं (वायूमुळं धातूत पडणाऱ्या भोकांचं) रिजेक्शन निम्म्यावर आणणे.
हद्द: संपूर्ण फाउंड्री, दोन्ही लाइनी, सगळे पार्ट.
टीम: क्वालिटी, प्रॉडक्शन, मेंटेनन्स, पॅटर्न, स्टोअर, पर्चेस, एचआर यांतून प्रत्येकी एक. लीडर मी.
ग्राहकाची गरज: दोषविरहित कास्टिंग.
मुदत: जुलै ते ऑक्टोबर.

पहिल्या मीटिंगला निम्मेच आले. एचआरवाल्यानं विचारलं, "माझं इथं काम काय?" मला उत्तर देता आलं नाही. हद्द फार मोठी झालीय हे कळतंय, पण कुठून कापायची ते कळेना. टेम्प्लेट नकोत, ढिगानं आहेत. ज्यांनी शॉपफ्लोअरवर हे केलंय त्यांनी बोला.

---

अनगोळ_नाका

हद्द कुठं आखायची हे बेळगावात विचारूलालास? आमची एक हद्द 1956 पासनं सुटेना, 2004 पासनं सुप्रीम कोर्टात पडून आहे. तुझी ऑक्टोबरपर्यंत सुटली तर फॉर्म्युला आम्हालाबी सांग. (हलकं घे रे.)

---

जुना_ओतारी

पोरा, नावातच औषध लिहून ठेवलंस, मग डॉक्टरला कशाला बोलावूलालास?

मॉइश्चरमुळं होल येतात हे तुला कुणी सांगितलं? येतात, नाही असं नाही. ग्रीन सँडमध्ये ओल साधारण तीन ते चार टक्क्यांत असावी लागते, वर गेली की वाफ होते, वाफेला बाहेर जायला वाट नसली की ती धातूत शिरते. पण वाट का नसते? वाळू फार बारीक झाली, फाइन्स (धुळीसारखे कण) वाढले, परमिॲबिलिटी म्हणजे वाफ जाऊ द्यायची ताकद पडली. मोल्डरनं व्हेंट (वाफ जायची भोकं) मारलेच नाहीत. कोअर (आतल्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) नीट भाजला नाही, किंवा भाजला आणि पावसाळ्यात रात्रभर उघडा ठेवला. सीओटू कोअर (कार्बन डायऑक्साइड वायूनं घट्ट केलेला) तर हवेतली ओल घेतो. लॅडल (धातू ओतायचं भांडं) गरम न करता धातू घेतला. शेवटच्या बॉक्सापर्यंत धातू गार झाला. चॅपलेटला (कोअरला आधार देणाऱ्या धातूच्या तुकड्याला) गंज होता. ह्यातलं कुठलंही एक, नाहीतर दोन-तीन मिळून.

तू नावात मॉइश्चर लिहिलंस की टीम ऑक्टोबरपर्यंत फक्त मॉइश्चर मोजणार. आणि खरं कारण मॉइश्चरच आहे अशी तुझी खात्री असेल तर प्रोजेक्ट, टीम, चार्टर कशालाच नको. सँड प्लँटवर जा, पाण्याचा व्हॉल्व्ह दुरुस्त कर, मोकळा हो.

---

शिरोलीकर

ओतारीकाकांशी पूर्ण सहमत. मी कोल्हापूर बाजूला फाउंड्रीतच आहे, सिक्स सिग्माचं ब्लॅक बेल्ट प्रशिक्षण केलंय, त्यामुळे थोडं पुस्तकी बोलेन, सांभाळून घ्या.

सिक्स सिग्मा मोटोरोलात 1986 च्या सुमाराला सुरू झालं. पुढं त्याचे पाच टप्पे ठरले: डिफाइन, मेझर, ॲनलाइज, इम्प्रूव्ह, कंट्रोल. तुम्ही पहिल्या टप्प्यात बसून चौथ्याचं उत्तर लिहिलंय. डिफाइनमध्ये फक्त दुखणं लिहायचं. काय बिघडतंय, कुठल्या पार्टला, कुठल्या लाइनीवर, कुठं सापडतंय, कधीपासून, किती. "का" हा शब्द तिथं येता कामा नये, आणि "कोणामुळे" तर अजिबात नाही.

हद्द कापायची तर आधी मागच्या वर्षभराच्या डेबिट नोटा आणि फेटलिंगचं (ओतीव नग साफ करतात त्या विभागाचं) रिजेक्शन रजिस्टर घेऊन बसा. पार्टप्रमाणे एक परेटो (जास्तीपासून कमीपर्यंत मांडलेला तक्ता) काढा, मग वरच्या पार्टात दोषाप्रमाणे दुसरा. क्वालिटीतले गुरू जुरान ज्याला 'व्हायटल फ्यू' (मोजके पण महत्त्वाचे) म्हणायचे ते दोन-तीन पार्ट आपोआप वर येतील. माझा अनुभव असा की फाउंड्रीत एक पार्ट, एक लाइन, एक दोष एवढी हद्द पुष्कळ झाली. "संपूर्ण फाउंड्री" हा प्रोजेक्ट नव्हे, तो धंदा आहे.

---

मच्छे_मशीनशॉप

मी तुमच्यासारख्यांच्या पुढच्या टोकाला आहे, डेबिट नोटा पाठवणारा. तेव्हा ग्राहकाची गरज माझ्याकडून ऐका.

"दोषविरहित कास्टिंग" कुणी मागितलंय? मी नाही. पंपाच्या बॉडीत मला बोअरमध्ये (मधल्या गोल भोकात) आणि ओ-रिंगच्या (गळती अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) खाचेत एकही होल चालत नाही, कारण तेल तिथून गळणार आणि बॉडी लीक टेस्टला नापास होणार. बोल्टच्या भोकांभोवती थोडं चालतं. बाहेरच्या रंगाच्या बाजूला टाचणीएवढं होल असेल तर पुट्टी भरून जातं, माझा ग्राहक काही म्हणत नाही. पण ड्रॉइंगवर हा फरक कुठंच लिहिलेला नाही. मग माझ्या एका पाळीचा इन्स्पेक्टर पास करतो, तेच दुसऱ्या पाळीचा बाजूला काढतो.

दुसरं. आमच्या शीटमध्ये "ब्लो होल" असा एकच रकाना आहे. गॅसचं गुळगुळीत होल, वाळू अडकून पडलेला खड्डा, जाड भागातलं श्रिंकेजचं (धातू गार होताना आकसल्यानं पडलेलं) खडबडीत पोकळ, सगळं त्याच रकान्यात जातं. त्या आकड्यावर तुम्ही मॉइश्चरचा प्रोजेक्ट काढणार असाल तर देव तुमचं भलं करो. श्रिंकेज हा फीडिंगचा, रायझरचा (आकसणाऱ्या भागाला जादा धातू पुरवायचा) विषय. वाळू कितीही कोरडी करा, तो तसाच राहणार.

तिसरं, जे कुणी विचारत नाही. कास्टिंगवर डेट कोड आणि हीट नंबर (कुठल्या वितळणीचा धातू ते) वाचता येईल असा द्या. आज माझ्याकडं जे रिजेक्ट होतंय ते तुम्ही कधी ओतलं हे मला सांगता येत नाही. तुम्ही सँडची रीडिंगं दर तासाला लिहून ठेवलीत तरी ती कुठल्या कास्टिंगला लावणार?

---

वाळूवाला

@मच्छे_मशीनशॉप साहेब, डोळे उघडले. डेट कोडचा इन्सर्ट (तारखेचा बदलायचा तुकडा) पॅटर्नवर (साचा ज्यावरून करतात त्या नमुन्यावर) आहे, पण मोल्डर तो रोज बदलत नाहीत. गेल्या महिन्यात एकाच तारखेचा माल किती दिवस गेला ते मोजायची हिंमत झाली नाही.

मग गरज म्हणून असं लिहू का: बोअर आणि ओ-रिंग खाचेत शून्य होल, लीक टेस्ट पास, बाकी पृष्ठभागावर किती चालेल ते लिमिट सॅम्पलनं (इथवर चालेल असं दाखवणाऱ्या नमुना नगानं) ठरवायचं, आणि प्रत्येक नगावर खरी तारीख?

---

मच्छे_मशीनशॉप

लिहा. त्यात एवढंच घाला की लिमिट सॅम्पलवर दोघांच्या सह्या हव्यात, आणि सॅम्पलची एक जोडी माझ्याकडं, एक तुमच्या फेटलिंगमध्ये. ऑफिसच्या कपाटात ठेवलीत तर उपयोग नाही.

---

निपाणीची_सून

मी एका कारखान्यात अकाउंट्स बघते. इथं पुरुषमंडळी वाळूत रमलीत म्हणून पैशाचं बोलते.

"रिजेक्शन निम्म्यावर" म्हणजे कुठलं रिजेक्शन? उदाहरण धरून चला. एका नगाला वीज, वाळू, मोल्डिंगचा दर, मजुरी मिळून 500 रुपये गेले. तो फेटलिंगमध्ये रिजेक्ट झाला तर धातू परत फर्नेसमध्ये जातो आणि बुडाले ते 500. तोच नग मशीनशॉपमध्ये जाऊन, त्याच्यावर 900 रुपयांचं मशीनिंग होऊन रिजेक्ट झाला तर तुमचे 500, डेबिटचे 900, वर जायचं-यायचं भाडं. जवळपास तिप्पट. विक्रीचं बिल परत जातं ते मी धरत नाही, बदली नग दिला की ते पैसे येतात.

आता गंमत बघा. तुम्ही लिमिट सॅम्पल ठरवलीत, फेटलिंगवाला जागा झाला, वाईट नग तिथंच थांबवायला लागला. काय होईल? घरातलं रिजेक्शन वाढेल, डेबिट नोटा कमी होतील. पैसे वाचताहेत, पण रोजच्या रिपोर्टमध्ये आकडा वर चाललाय. मालक फक्त तो रिपोर्ट बघत असतील तर दुसऱ्याच आठवड्यात प्रोजेक्ट बंद. म्हणून दोन आकडे वेगळे लिहा आणि पहिला आकडा सुरुवातीला वाढणार हे मालकांच्या सहीच्या वर लिहून ठेवा, खाली नाही.

आणि टीममध्ये एचआर कशाला घेतलंय हो? अकाउंट्सला मात्र घेतलं नाहीत. आम्हाला रोज मीटिंगला बोलावू नका, जीव खाऊ नका. सुरुवातीला एकदा, नुकसान कसं मोजायचं ते ठरवायला, आणि शेवटी एकदा, खरंच वाचले का ते तपासायला. वाचलेल्या पैशाचा आकडा टीमनं स्वतःच काढला तर त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे मी बरेचदा पाहिलंय.

---

खानापूरचा_पाऊस

जुलै ते ऑक्टोबर ही मुदत ज्यानं ठरवली त्याला माझा नमस्कार. हा प्रोजेक्ट काही न करताच यशस्वी होणार.

अहो, आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये हवा कशी असते? वाळू ओली येते, उघड्यावरची तर चिखल. कोअर ओल धरतात. वाळूत मिसळायच्या बेंटोनाइटची (चिकणमातीची), कोल डस्टची (कोळशाच्या भुकटीची) पोती खालून दमट होतात. त्यात रोपलावणी. येळ्ळूर, देसूर, नंदिहळ्ळी, खानापूर तालुका, तिकडं चंदगड, सगळीकडची पोरं एकदम गायब. मुरलेला मोल्डर शेतात, त्याच्या जागी ठेकेदारानं काल आलेला माणूस उभा केलेला. पुढं गणपतीची सुट्टी. ऑक्टोबरात पाऊस थांबतो, माणसं परत येतात, रिजेक्शन आपसूक उतरतं. तुमचा ग्राफ खाली गेला की केक कापणार, आणि पुढच्या जूनमध्ये पहिले पाढे पंचावन्न.

बेसलाइन (तुलनेचा सुरुवातीचा आकडा) जुलैची धरू नका. मागच्या वर्षीचा जुलै आणि ह्या वर्षीचा जुलै अशी तुलना करा. आणि कंट्रोलचा टप्पा पुढचा पावसाळा ओलांडल्याशिवाय बंद करायचा नाही, हे चार्टरमध्ये लिहा. मालक दिवाळी म्हणाले म्हणून निसर्ग ऐकत नसतो.

---

बीई_मेकॅनिकल

सर्वांना नमस्कार. मी फायनल इयरला आहे, ह्याच विषयावर प्रोजेक्ट करतोय. रासी चार्टमध्ये (कुणाचं काय काम ते लिहायच्या चार रकान्यांच्या तक्त्यात) रिस्पॉन्सिबल आणि अकाउंटेबल यांत नक्की फरक काय? पुस्तकात वाचलं पण दोन्ही सारखंच वाटतं. कुणाकडं रेडीमेड एक्सेल असेल तर मिळेल का?

---

शिरोलीकर

एक्सेल नको, उदाहरण घे. सँडची ओल आणि कॉम्पॅक्टिबिलिटी (दाबल्यावर वाळू किती बसते ते) दर तासाला तपासायची आहे. तपासणार कोण? सँड प्लँटचा ऑपरेटर. तो रिस्पॉन्सिबल. तपासलं नाही तर मालक कुणाला उभं करणार? मोल्डिंग इनचार्जला. तो अकाउंटेबल. बदल करायच्या आधी कुणाला विचारायचं? सँड लॅबवाल्याला. आणि ओल वर गेली, लाइन थांबवतोय हे कुणाला कळवायचं? फर्नेसवाल्याला, नाहीतर तो धातू तयार करून लॅडल घेऊन उभा.

रिस्पॉन्सिबल दोघं-तिघं असू शकतात. अकाउंटेबलच्या रकान्यात नाव एकच. दोन नावं आली की समजायचं की कुणीच नाही. आणि डिपार्टमेंटचं नाव लिहू नकोस, माणसाचं लिही. "प्रॉडक्शन" लाइन थांबवू शकत नाही, माणूस थांबवतो.

---

जुना_ओतारी

हे चार रकाने ठीक आहेत, पण मला एक सांगा. रात्रपाळी कुठाय? सगळे दिवसाचे साहेब टीममध्ये घेतलेत. आमच्या वेळी दिवसाची कास्टिंगं बरी आणि रात्रीची वाईट असं कायम असायचं, आणि मीटिंग सकाळी अकराला. रात्रीचा सँडवाला झोपायला गेलेला. त्याच्याबद्दल सगळे बोलूलालेत, त्याला विचारूलालं कोणीच नाही.

गरम वाळू परत येते हे रात्रीच्या माणसाला जास्त कळतं. दिवसभर लाइन चाललेली, परतीची वाळू गार व्हायला वेळ मिळत नाही, हॉपरमधनं (साठवणीच्या टाकीतनं) वाफ निघते, तशीच मिलमध्ये (वाळू मळायच्या मशीनमध्ये). गरम वाळूत पाणी घातलं की ते मोल्ड होईपर्यंत उडून जातं, मग तो बिचारा जादा पाणी घालतो. रीडिंग मिलपाशी एक, मोल्डिंगपाशी दुसरं. हे कागदावर कुठं दिसणार?

---

वाळूवाला

सगळ्यांचे आभार. दोन रात्री बसून नवा मसुदा केलाय. फाडा.

दुखणं: मोठ्या पंप बॉडीच्या कास्टिंगमध्ये (पार्ट एकच, लाइन एकच) मशीनिंगनंतर बोअर आणि ओ-रिंग खाचेत होल सापडतात, त्यामुळे डेबिट नोटा येतात. मागच्या दोन पावसाळ्यांचे आणि मधल्या कोरड्या महिन्यांचे आकडे सोबत. कारण कुठंही लिहिलेलं नाही.

हद्दीत: सँड प्लँटवर परतीची वाळू येते तिथून सुरुवात. मिलिंग, मोल्डिंग, कोअर बनवणं आणि ठेवणं, धातू ओतणं, नॉक-आउट (साचा फोडून नग काढणं), फेटलिंगची तपासणी. मशीनशॉपचा तपासणी अहवाल हा शेवट.

हद्दीबाहेर: दुसरी लाइन, बाकी पार्ट, नवा पॅटर्न बनवणं, नवी मशिनरी घेणं. श्रिंकेज निघालं तर ते वेगळं नोंदवायचं, ह्या प्रोजेक्टात सोडवायचं नाही.

गरज: वर ठरल्याप्रमाणे.

माणसं: स्पॉन्सर मालक. प्रोसेसचा मालक मोल्डिंग इनचार्ज. लीडर मी. टीममध्ये दोन्ही पाळ्यांचे सँड ऑपरेटर, कोअर शॉपची एक बाई (कोअर त्याच करतात, त्यांना कुठल्याच मीटिंगला आजवर बोलावलेलं नाही), फेटलिंगचा तपासनीस. मेंटेनन्स बोलावल्यावर. अकाउंट्स सुरुवातीला आणि शेवटी. एचआर, पर्चेस, स्टोअर कटाप.

मुदत: उपाय ठरवून लावायला डिसेंबरपर्यंत, बंद करायचा पुढच्या सप्टेंबरात.

एका गोष्टीवर अडलोय. ठेका. बॉक्समागे दर असल्यामुळे मोल्डर व्हेंट टाळतात असा मला संशय आहे. व्हेंट मारायला वेळ लागतो, बॉक्स कमी होतात. मालकांनी आधीच सांगितलंय, "ठेकेदाराच्या दराला हात लावायचा नाही." मग ते हद्दीबाहेर लिहू? तसं लिहिलं आणि तेच कारण निघालं तर?

---

शिरोलीकर

मसुदा चांगला आहे. एक हरकत. लीडर तुम्ही का? क्वालिटीचा माणूस सँड प्लँटवर हुकूम चालवू शकत नाही. मोल्डिंग इनचार्जलाच लीडर करा, तुम्ही त्याला डेटा काढून द्या. प्रोसेस ज्याची, प्रोजेक्ट त्याचा. नाहीतर तुम्ही निघून गेल्यावर सगळं परत जागच्या जागी.

---

जुना_ओतारी

हे मला पटत नाही. मोल्डिंग इनचार्जला महिन्याचं टनेज द्यायचंय. त्याला लीडर केलास तर पहिल्या घाईच्या ऑर्डरला प्रोजेक्ट बाजूला. लीडर हा पोरगाच बरा. फक्त मालकानं एक करायचं, आठवड्यातनं एकदा स्वतः शॉपफ्लोअरवर येऊन प्रोजेक्टच्या बोर्डासमोर उभं राहायचं. केबिनमध्ये बोलावून नव्हे. मालक तिथं उभा राहिला की इनचार्जला आपोआप वेळ मिळतो. चाळीस वर्षं हेच बघितलंय.

---

शिरोलीकर

काका, मालक आठवडाभर येतात, मग येत नाहीत. तेव्हा काय?

---

जुना_ओतारी

तेव्हा प्रोजेक्ट मेला म्हणायचं आणि कागदावर तसं लिहायचं. लपवायचं नाही.

---

खानापूरचा_पाऊस

लीडर कोणीही होवो, लाइन थांबवायचा अधिकार कुणाचा ते आधी ठरवा. कॉम्पॅक्टिबिलिटी पट्ट्याबाहेर गेली तर सँड ऑपरेटर थेट थांबवू शकतो का? आमच्याकडं थांबवायला सुपरवायझरची परवानगी लागते. सुपरवायझर फर्नेसपाशी, तो येईपर्यंत वीस-पंचवीस बॉक्स भरून गेलेले. रोल लिहिताना काम लिहिता, अधिकार लिहीत नाही.

ठेक्याबद्दल. मी दोन्ही बाजूंनी काम केलंय, सुपरवायझर म्हणूनही आणि त्याआधी ठेकेदाराकडंही. मोल्डर आळशी म्हणून व्हेंट टाळत नाही. त्याला बॉक्सचे पैसे मिळतात, चांगल्या बॉक्सचे नाही. रिजेक्ट झालं तर तो नग कुणाचा हेही कळत नाही, कारण तारीखच खरी नाही. दर हद्दीबाहेर ठेवा, मालकांशी आत्ताच भांडू नका. पण व्हेंट मोजणं हद्दीत ठेवा. दर बॉक्समागे किती व्हेंट ठरलेत, किती मारलेत, एवढंच. कुणाचं नाव लिहायचं नाही, नाहीतर ठेकेदार माणसं काढून घेईल आणि लावणीच्या दिवसांत तुम्ही मोल्डर कुठून आणणार?

---

निपाणीची_सून

हेच मी म्हणणार होते. चार्टरमध्ये "हद्दीबाहेर" आणि "बंधन" हे दोन वेगळे परिच्छेद करा. नवी मशिनरी हद्दीबाहेर, ठीक. पण ठेक्याचा दर हे बंधन आहे: आज हात लावायचा नाही, मोजायला मात्र मोकळीक. आणि पुढं एक ओळ, की मोजणीत दराचा संबंध दिसला तर निर्णय स्पॉन्सरकडं परत जाईल, टीमकडं नाही. म्हणजे तुमच्यावर खापर नको. मालकांना आकडा दाखवा: एका बॉक्सला व्हेंटसाठी चार आणे वाढवले तर वर्षाला किती जातात आणि डेबिट नोटा किती वाचतात. आकडा समोर आला की मालकही मालक राहत नाही, हिशेबनीस होतो.

---

अनगोळ_नाका

वहिनी, चार आणे 2011 मध्ये बंद झाले.

---

निपाणीची_सून

भाऊजी, तुमच्यासाठी रुपया म्हणते. आता खूश?

---

वाळूवाला

अपडेट. मालकांनी सही केली. "बंधन" वाला परिच्छेद दोनदा वाचला, काही बोलले नाहीत, खोडलाही नाही. पुढच्या सप्टेंबरची मुदत बघून मात्र भडकले. मागच्या दोन पावसाळ्यांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून दाखवले तेव्हा शांत झाले. घरातलं रिजेक्शन आधी वाढणार ही ओळ त्यांनी स्वतः अधोरेखित केली, वर "हे मला आठवण करून द्या" असं पेननं लिहिलं. ताई, तुमचे खास आभार.

लीडर मीच राहिलो. बोर्ड मोल्डिंग लाइनीच्या तोंडाशी लावायचा ठरलाय, आठवड्यातून एकदा सहाच्या पाळीबदलाला, म्हणजे रात्रीचेही भेटतील. लाइन थांबवायचा अधिकार सँड ऑपरेटरला दिलाय, पण सलग दोन रीडिंगं बाहेर गेली तरच, आणि थांबवल्यावर इनचार्जला लगेच फोन. इनचार्ज नाराज आहे, बघू.

कोअर शॉपच्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं की रात्री केलेले कोअर सकाळपर्यंत खिडकीखालच्या रॅकवर असतात आणि ती खिडकी बंदच होत नाही. कारण शोधायचा टप्पा अजून यायचाय म्हणून मी फक्त लिहून घेतलं.

---

जुना_ओतारी

लिहून घेतलंस ते ठीक. पण खिडकी लाव की रे बाबा! त्याला मेझर फेज कशाला?

---

शिरोलीकर

लावा, पण ज्या दिवशी लावली ती तारीख बोर्डावर लिहा. नाहीतर नंतर आकडा कशानं उतरला ते कळणार नाही.

---

मच्छे_मशीनशॉप

शुक्रवारी दुपारी माझ्याकडं या, लिमिट सॅम्पल ठरवून टाकू. गेल्या महिन्यात काढून ठेवलेले नग अजून भंगारात टाकलेले नाहीत. एकटे येऊ नका, तुमच्या फेटलिंगच्या तपासनिसाला घेऊन या, आणि माझ्या दोन्ही पाळ्यांचे इन्स्पेक्टर मी थांबवून ठेवतो. नग त्यांनाच हातात घेऊन ठरवू द्या, आपण दोघं बाजूला चहा पिऊ.